सरावाचे सोबती

बेंगळुरूच्या मल्लेश्वरम् भागात काडु मल्लेश्वराचे देऊळ आहे. ‘काडु’ म्हणजे रान. आज तेथे रान उरलेले नाही. फुलांची दुकाने आहेत, रिक्षा आहेत आणि पहाटेपासून दरवळणारा कॉफीचा वास आहे. मराठी प्रवाशाने या देवळात एकदा तरी डोकवावे, कारण शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी या देवाला एक गाव दान दिल्याची नोंद येथील १६६९ सालच्या शिलालेखात आहे. त्यापूर्वी, १६३८ नंतर, बेंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर होती. होसकोटे, कोलार आणि दोड्डबळ्ळापूर हे मुलूखही तिच्यात मोडत. परंतु प्रस्तुत भाषणाचा विषय इतिहास नव्हे. विषय आहे तो एका शनिवारी पहाटे पाच वाजता या देवळासमोर दिवे लावून उभ्या असलेल्या सहा सायकलींचा.

हे सहाजण नात्याचे नव्हेत, एका कचेरीतले नव्हेत, एका वयाचेही नव्हेत. त्यांतले वडीलधारे म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले बेळगावचे एक गृहस्थ, वय एकसष्ट. त्यांना सारे काका म्हणतात. दुसऱ्या निपाणीकडच्या डॉक्टरबाई. तिसरा पुण्याचा तरुण, संगणकाच्या धंद्यातला. त्याच्या मनगटावरच्या घड्याळाला त्याच्या नाडीचे ठोके, सायकलीचा वेग आणि रात्रीची झोप हे सारे ठाऊक असते. चौथे मंड्याचे कन्नड शिक्षक. त्यांना सर्वजण तिकडच्या रिवाजाप्रमाणे ‘मेष्ट्रु’ म्हणतात आणि त्यांच्यासाठी मराठी बोलणे मध्येच थांबवून मोडके कन्नड सुरू करतात, त्यावर मेष्ट्रु अस्खलित मराठीत उत्तर देतात. उरलेले दोघे नागपूरचे एक जोडपे. त्यांपैकी पत्नी पतीपेक्षा पुष्कळच वेगाने सायकल चालवते, आणि या गोष्टीची घरी चर्चा होत नाही असे दोघेही सांगतात.

आठवड्यातून दोन सकाळी हे सारे एकाच व्यायामशाळेत घाम गाळतात, एका सकाळी सँकी तलावाभोवती चालतात आणि रविवारी सायकली काढतात. अशी मैत्री काही नवी नाही. कोल्हापूरच्या तालमींतून आखाड्याच्या मातीने जोडलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या सुखदुःखाला धावत आलेली आहेत. जुन्या बेंगळुरूच्या पेठेतही ‘गरडी मने’ म्हणजे तालीमखाने होते, काही आजही आहेत, आणि धर्मरायाच्या देवळातून निघणाऱ्या करग उत्सवातील वीरकुमारांची परंपरा या गरडींशी जोडलेली आहे. मात्र तालमीतला गडी गल्लीतलाच असे; त्याचा बाप, त्याचे कर्ज आणि त्याचे लग्न हे सारे सर्वांना माहीत असे. महानगरातल्या या नव्या सोबत्यांचे तसे नाही. डाव्या गुडघ्यात कोणाच्या कळ येते, चढावर कोणाचा श्वास तोकडा पडतो, हे ते अचूक सांगतील. पण त्याच माणसाला मुले किती, हे विचाराल तर अडखळतील. एका अर्थी हे परकेपण सुखाचे असते. काकांच्या हृदयाच्या धमनीत दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला होता. तेव्हापासून घरी ते रुग्ण होते, नातेवाइकांत रुग्ण होते, निवृत्तांच्या कट्ट्यावर तर रुग्णांचे अग्रणी होते. या सहा जणांत मात्र ते केवळ एक हळू सायकलस्वार होते, आणि ही पदवी त्यांना फार प्रिय होती.

या चमूने दोन दिवसांची सहल ठरवली ती नंदीदुर्गाची. बेंगळुरूच्या सायकलस्वारांना नंदी म्हणजे पुणेकरांना सिंहगड. शहरापासून सुमारे ६० किलोमीटर. शहराची उंची समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांच्या थोडी वर, तर नंदीच्या माथ्याची १,४७८ मीटर. बहुतेक सारी चढाई शेवटच्या सात-आठ किलोमीटरांच्या घाटात साठवलेली आहे. ती एका दमात, पाय न टेकता चढणे ही येथल्या सायकलस्वाराची मुंज. बहुतेकजण एका सकाळीच जाऊन परततात. या सहाजणांनी एक रात्र पायथ्याशी राहायचे ठरवले, आणि सहलीतले सारे काही त्या रात्रीमुळे घडले.

हेब्बाळ, यलहंका, देवनहळ्ळी असा उत्तरेचा रस्ता. यलहंका हे केंपेगौडाचे मूळ ठाणे. त्याने १५३७ मध्ये बेंगळुरूचा मातीचा किल्ला बांधला असे मानतात. देवनहळ्ळी हे टिपू सुलतानाचे जन्मगाव. आता त्या गावाची ओळख २००८ साली सुरू झालेल्या विमानतळामुळे आहे, आणि महामार्गावरून पहाटे धावणाऱ्या मोटारींना सायकलस्वार हा प्राणी दिसतच नाही की काय अशी शंका येते. म्हणून अनुभवी मंडळी बाजूच्या सेवारस्त्याने, एकामागे एक, मागे तांबडा दिवा लावून जातात. पुढच्याने खड्डा पाहिला की हात खाली करून खूण करायची आणि ती शेवटच्यापर्यंत पोचवायची. हे शिस्तीचे काम दिसायला साधे आहे, पण आपण पाहिलेला खड्डा मागच्याला दाखवावा ही बुद्धी रस्त्यावरच्या सर्वांना असती तर पुष्कळ कामे हलकी झाली असती.

देवनहळ्ळी मागे पडली की देखावा बदलतो. द्राक्षांचे मांडव लागतात. ‘बेंगळुरू ब्लू’ नावाचे काळसर, आंबटगोड द्राक्ष याच पट्ट्यातले. ज्या मोठ्या पपनसाला देवनहळ्ळीचे नाव आहे, तेही इथलेच. मग क्षितिजावर नंदीचा डोंगर दिसतो, बसलेल्या बैलासारखा. नाव त्यावरून पडले की पायथ्याच्या देवळावरून, याविषयी मेष्ट्रु आणि काका यांचा वाद सुमारे पाच किलोमीटर चालला.

पायथ्याच्या नंदी गावातले भोगनंदीश्वराचे मंदिर नवव्या शतकातले. नंतर चोळ, होयसळ आणि विजयनगर अशा राजवटींची भर तिथे पडत गेली. चारी बाजूंनी पायऱ्या असलेली पुष्करिणी, काळ्या दगडाचे घोटीव खांब, आणि पहाटेच्या गर्दीपासून सुटलेली शांतता. डोंगर पाहायला येणारे हजारो लोक हे मंदिर न पाहता वर जातात, याला काय म्हणावे! सहाजणांनी तिथे दोन तास काढले. व्यायामशाळेत एकमेकांना मिनिटामिनिटाने मोजणारी माणसे पुष्करिणीच्या पायरीवर नुसती बसली. डॉक्टरबाईंना तीन मुली आहेत आणि नागपूरच्या गृहस्थांना सतार वाजवता येते, हे तीन वर्षांच्या ओळखीनंतर तिथे प्रथम उघड झाले.

दुपारी मुद्देनहळ्ळी. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे हे जन्मगाव, आणि त्यांची समाधीही येथेच आहे. महाराष्ट्राचा या पुरुषाशी संबंध जिव्हाळ्याचा आहे. स्थापत्यशास्त्राचे शिक्षण त्यांनी पुण्यात घेतले, १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात ते रुजू झाले, आणि पाण्याचा लोंढा वाढला की आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला बसवले. पुढे १९१२ पासून १९१८ पर्यंत ते म्हैसूरचे दिवाण होते. १९५५ साली भारतरत्न झाले, आणि १९६२ साली शंभरी ओलांडून निवर्तले. त्यांच्या दीर्घायुष्याचे मर्म काटेकोर दिनचर्येत होते असे त्यांना ओळखणारे सांगत. पुण्याच्या तरुणाला ही गोष्ट फार पटली. तो म्हणाला, “म्हणजे घड्याळ बरोबर ठेवलं की झालं.” काका म्हणाले, “घड्याळ त्यांच्या खिशात असायचं रे, मानगुटीवर नाही.”

रात्री जेवण झाल्यावर तंटा निघाला. या चमूचा एक जुना नियम होता: चढ प्रत्येकाने आपल्या वेगाने चढावा, पण शेवटच्या माणसाच्या मागे एक सोबती असावा आणि त्याने कधीही पुढे जाऊ नये. शेवटचा माणूस म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. त्याच्या मागे कोणी राहायचे याच्या चिठ्ठ्या टाकल्या, आणि चिठ्ठी तरुणाच्या नावाची निघाली. त्याचा चेहरा उतरला. नंदीचा घाट अर्ध्या तासाच्या आत चढायचे त्याने वर्षभर मनात धरले होते. दोनदा काही सेकंदांनीच हुकले होते. पुढच्या महिन्यात २०० किलोमीटरांची लांबपल्ल्याची फेरी होती, जी साडेतेरा तासांच्या आत पुरी करावी लागते, आणि तिच्या आधीची हीच कसोटी. नियम महत्त्वाचा की माणसाची वर्षभराची मेहनत, असा प्रश्न त्याने विचारला. तो अगदीच गैरवाजवी नव्हता. शेवटी काकांनीच तोडगा काढला. आपण अर्धा तास आधी निघू. तो मागून येईल, म्हणजे मागेच असेल. माथ्याजवळ गाठ पडेल आणि दोन्ही साधेल. सरकारी टिपणीत शोभावा असा हा तोडगा होता, आणि अशा तोडग्यांत जी खोट असते ती यातही होती. गाठ माथ्याच्या अलीकडे पडली तर काय, हे कोणीच विचारले नाही.

डॉक्टरबाईंनी काकांना एकच पथ्य घातले होते. चढताना तोंडाने पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की थांबायचे. वैद्यकात ही साधी कसोटी मान्य आहे, तिला कोणतेही यंत्र लागत नाही. आता एकट्याने घाटात बोलायचे काय? बँकेच्या माणसाने त्यावर आपला उपाय शोधला होता. ते पाढे म्हणत. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. बेळगावच्या शाळेत छडीच्या धाकाने पाठ झालेले सारे अपूर्णांक त्यांनी नंदीच्या घाटासाठी पुन्हा बाहेर काढले.

रविवारी सूर्योदय पाहणाऱ्यांची झुंबड असते. दरवाजा उघडण्याआधीपासूनच मोटारींची आणि मोटारसायकलींची रांग घाटात लागते. म्हणून ही मंडळी सात वाजता, वर जाणारी गर्दी ओसरल्यावर निघाली. काका आधी. हवेत गारठा होता, डोंगराच्या खांद्यावर ढग टेकले होते. प्रत्येक वळणाशी ‘निधानवागि चलिसि’ अशा अर्थाची पाटी: हळू चला. कन्नडमध्ये ‘निधान’ म्हणजे सावकाशपणा, मराठीत त्याच शब्दाचा अर्थ ठेवा. काकांना हा योगायोग फार आवडे. रस्त्याकडेला मक्याची कणसे आणि मीठ-तिखट लावलेल्या कैऱ्या विकणाऱ्या बायाही त्यांच्याकडे पाहून “निधान, निधान” म्हणत होत्या.

याच घाटात २०२१ च्या ऑगस्टमध्ये दरड कोसळून रस्ता वाहून गेला होता आणि डिसेंबरपर्यंत वरची वाट बंद होती. आज तिथून जाताना कठडे नवे दिसतात, एवढेच. सायकलस्वाराला मात्र रस्त्याच्या प्रत्येक अवस्थेची दखल घ्यावी लागते. मोटारीतल्याला जो चढ जाणवतही नाही, तो त्याच्या मांड्यांत लिहिला जातो.

तरुण साडेसातला निघाला. बाकीचे चौघे त्याच्याही मागे, कारण त्यांना कोणतीही घाई नव्हती. घड्याळात पंचवीस मिनिटे झाली आणि पुढच्या वळणावर त्याला काका दिसले. माथा जेमतेम एक किलोमीटर राहिला होता. हिशेब सरळ होता: याच वेगाने गेले तर अर्ध्या तासाला काही सेकंद शिल्लक राहणार. त्याने वेग कमी केला. काकांनी मान न वळवता हात हलवला: “जा तू. मी काय कुक्कुलं बाळ आहे?” आणि पुन्हा पाढा धरला. तो गेला.

नागमोडी घाटाची एक गंमत असते. रस्त्याने दूर असलेला माणूस उंचीने अगदी खालीच असतो, त्यामुळे शब्द स्पष्ट वर येतात. तरुणाला अडीचकी ऐकू येत होती. चार अडीच दहा. पाच अडीच साडेबारा. सहा अडीच पंधरा. आणि मग काहीच नाही.

तो आणखी दोन वळणे गेला. ढगात आवाज गडप झाला असेल, असे त्याने स्वतःला सांगितले. मोटारीचा आवाज मध्ये आला असेल. माथ्याचा दरवाजा समोर दिसू लागला होता. मग त्याने ब्रेक दाबला, सायकल फिरवली आणि जेवढ्या वेगाने उतरू नये तेवढ्या वेगाने तो खाली आला.

काकांची सायकल रस्त्याकडेला आडवी पडली होती. काका कठड्यावर बसले होते. डोके गुडघ्यांपर्यंत वाकलेले, दोन्ही हात पोटाशी, खांदे हलत होते. तरुणाने स्वतःची सायकल अक्षरशः टाकली. त्याने त्यांचा खांदा धरला तेव्हा कळले की काका हसत आहेत. एका माकडाने हँडलला बांधलेली केळ्यांची पिशवी चालत्या सायकलीवरून ओढली होती, सायकल कलंडली होती, आणि ते माकड आता समोरच्या खडकावर बसून केळी सोलत होते.

“पाढे का थांबवलेत?” तरुण ओरडला. वडील माणसावर तो बहुधा प्रथमच ओरडत होता.

“माकडासमोर काय अडीचकी म्हणू?” काका म्हणाले. पण मग त्यांचे हसू मावळले. तरुणाचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि त्या चेहऱ्यात काकांना ते दिसले जे त्यांना या सोबत्यांत कधीच पाहायचे नव्हते. “तू परत का आलास?” त्यांनी विचारले. “म्हणजे तुम्ही सगळे कान लावून बसलेला असता तर. मी पडतो केव्हा, याची वाट बघत.”

तरुणाने उत्तर दिले नाही. अर्धा तास केव्हाच उलटला होता. दोघे एकामागे एक, अंतर राखून, मुकाट वर चढले. राहिलेल्या किलोमीटरात पाढे ऐकू आले नाहीत.

नंदीच्या माथ्यावर पाहण्यासारखे पुष्कळ आहे. टिपूच्या उन्हाळी निवासाची वास्तू आहे, योगनंदीश्वराचे देऊळ आहे. १९ ऑक्टोबर १७९१ रोजी कॉर्नवॉलिसच्या फौजेने हा किल्ला टिपूकडून घेतला. त्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजाही इंग्रजांच्या बाजूने म्हैसूरच्या मुलखात होत्या. अर्कावती आणि पालार या नद्या याच डोंगररांगेत उगम पावतात, दक्षिण पिनाकिनीही. महाबळेश्वर पाहिलेल्या मराठी माणसाला हे ऐकून घरच्यासारखे वाटते. मागून आलेले चौघे हे सारे पाहत हिंडले. काका एका झाडाखाली बसून राहिले. डॉक्टरबाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. नाडी वगैरे काही त्यांनी पाहिली नाही.

त्या म्हणाल्या, “गांधीजी इथे दीड महिना राहिले होते, १९२७ मध्ये. आमच्या भागात दौऱ्यावर असताना, कोल्हापूरला त्यांची प्रकृती एकदम ढासळली. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. आधी आंबोली, मग इथे.”

“वय काय होतं?”

“सत्तावन्न.”

काकांनी मनाशी वजाबाकी केली. “आणि नंतर?”

“नंतर १९३० साली दांडीला चालत गेले. १९३६ मध्ये पुन्हा इथे विश्रांतीला आले.” थोडे थांबून बाई म्हणाल्या, “त्यांच्या सोबतच्या माणसांनी कान लावले नसतील असं वाटतं तुम्हाला?”

यावर काका काही बोलले नाहीत. दूरवर तरुण घड्याळ काढून खिशात ठेवताना दिसत होता; ते रागाने की दुसऱ्या कशाने, हे तितक्या अंतरावरून कळण्यासारखे नव्हते.

घाट उतरणे चढण्याहून धोक्याचे. चढताना छाती फुटते, पण उतरताना चाकाची कड सतत दाबलेल्या ब्रेकने तापते, ओल्या पाचोळ्यावर चाक सरकते, वळणावर मोटार अंगावर येते. चमूचा नियम असा की उतरताना कोणीही कोणाला ओलांडायचे नाही. काका पुढे होते. त्यांच्यामागे, चार सायकलींचे अंतर ठेवून, तरुण. तो साऱ्या घाटभर त्यांच्या वेगाने उतरला, आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याशी काकांचा हात खाली होऊन मागच्याला खूण करत होता.

देवनहळ्ळीजवळ एका साध्या उपाहारगृहात सहाजण थांबले. इडल्या आल्या, उद्दिन वडे आले, खाली दोसे आले. साठ किलोमीटर सायकल मारणाऱ्याची भूक हा स्वतंत्र भाषणाचा विषय होईल. नागपूरचे गृहस्थ पत्नीपेक्षा या एका बाबतीत वेगवान ठरले. बोलणे सगळ्यांचे सगळ्यांशी चालले होते. फक्त टेबलाच्या एका टोकाला बसलेले दोघे एकमेकांकडे न पाहता खात होते.

बेंगळुरूत ‘बाय-टू’ नावाची एक रीत आहे. एकच कॉफी मागवायची आणि ती दोन पेल्यांत वाटून घ्यायची. पैसे वाचतात हे खरे, पण लाखो रुपये मिळवणारी माणसेही ‘बाय-टू’च मागवतात, तेव्हा ती काही काटकसर नसते. पोऱ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि त्याने पेले मोजायला सुरुवात केली. सहा म्हणून तो वळणार, एवढ्यात काका म्हणाले, “नाल्कु. मत्ते ओंदु बाय-टू.” चार, आणि एक दोघांत.

कॉफी आली. स्टीलच्या दोन लहान पेल्यांत, फेसाळ, निम्मी निम्मी. काकांनी एक पेला तरुणापुढे सरकवला. त्याने तो उचलला, एक घोट घेतला, आणि टेबलाकडे पाहतच विचारले:

“सात अडीच?”

“साडेसतरा,” काका म्हणाले. “पुढचं तू म्हण.”

तरुणाचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला. काकांनी तो मोबाइल काढून घेतला आणि मेष्ट्रूंच्या हवाली केला.